घरातला राउटर आतून कसा चालतो: कोकणातल्या घरात नवीन फायबर घेणाऱ्यांसाठी

एप्रिलचा दुसरा आठवडा होता, आंब्याच्या पेट्या भरायचं काम जोरात चाललेलं. संध्याकाळी वीज गेली, अर्ध्या तासाने आली, पण नेट काही आलं नाही. राउटरच्या डब्यावरचा एक दिवा लाल झाला होता. तक्रारीच्या नंबरवर फोन लावला तर पलीकडून सांगितलं, “मागे बारीक भोक आहे, त्यात पिन घालून दहा सेकंद दाबून धरा.” मी दाबून धरलं. डबा पुन्हा सुरू झाला खरा, पण आमच्या कनेक्शनचं यूजरनेम, पासवर्ड, वाय-फायचं नाव, सगळं पुसलं गेलं होतं. माणूस यायला आठ दिवस लागले. आमच्या वाडीत मोबाईलला रेंज नाही, त्यामुळे तेवढे दिवस ऑर्डरी बघायला मी रोज सड्यावर चढून जात होते. माणूस आला तेव्हा कळलं की त्या संध्याकाळी बिघाड आमच्या घरात नव्हताच. वीज नेटच्या कंपनीच्या बाजूची गेली होती, आणि शेजाऱ्यांचं नेट तासाभरात परत आलं होतं.

त्या लाल दिव्याचा अर्थ माहीत असता तर मी पिन हातात घेतलीच नसती. पुढचा पावसाळाभर मी हा डबा शिकून घेतला. देवगडपासून दापोलीपर्यंत आता गावोगाव फायबर येतंय, चाकरमानी बंद घरांतही कॅमेऱ्यासाठी कनेक्शन घेतायत. नवीन घेणाऱ्यांचे आठ दिवस वाया जाऊ नयेत म्हणून हे लिहिते आहे.

हाताशी काय ठेवायचं

- राउटरच्या खालच्या लेबलचा फोटो. त्यावर लॉगिनचा पत्ता, पहिला पासवर्ड आणि सिरीयल नंबर असतो. डबा भिंतीवर ठोकला की लेबल दिसत नाही, म्हणून फोटो आधीच काढा.
- ग्राहक क्रमांक, पीपीपीओईचं (राउटर कंपनीकडे लॉगिन करतो त्या पद्धतीचं) यूजरनेम व पासवर्ड, आणि व्हीलॅन आयडी (तारेतली आपली वाट ओळखायचा नंबर). कनेक्शन बसवणारा माणूस घरात असतानाच मागून घ्या. नंतर फोनवर ही माहिती मिळवणं फार अवघड जातं.
- दोन-तीन मीटरची एक लॅन केबल (राउटर आणि लॅपटॉप तारेने जोडणारी), आणि शक्य असेल तर लॅपटॉप.
- बारीक स्टार स्क्रू-ड्रायव्हर आणि एखादा मेलेला राउटर.
- एक वही. हे सगळं मोबाईलमध्ये ठेवाल तर मोबाईल बंद पडल्यावर हाती काही राहणार नाही.

१. मेलेला राउटर उघडून बघा

चालू कनेक्शनचा डबा उघडू नका, तो बहुतेक वेळा कंपनीच्या मालकीचा असतो. कुणाकडे तरी जुना पडलेला असतोच, तो घ्या. मला पुतण्याने मुंबईहून आणून दिला. स्क्रू बहुधा रबरी पायांखाली नाहीतर लेबलखाली लपलेले असतात.

आत तळहातापेक्षा थोडी मोठी हिरवी पाटी असते. मधोमध खाचा पाडलेला अॅल्युमिनियमचा तुकडा चिकटवलेला दिसेल. त्याच्या खाली प्रोसेसर, आणि तो तापतो म्हणून वर हा तुकडा. शेजारी दोन लहान चिप असतात, एक रॅम आणि एक फ्लॅश. या दोघींमधला फरक मला आधी कळला असता तर माझे आठ दिवस वाचले असते. फ्लॅशमध्ये राउटरचं सॉफ्टवेअर आणि तुमची सेटिंग राहतात, वीज गेली तरी ती जात नाहीत. रॅममध्ये फक्त चालू घडीचा हिशेब असतो, वीज गेली की तो पुसला जातो. बटणाने बंद करून चालू केलं की रॅम रिकामी होते, गुंता सुटतो, बाकी काही जात नाही. पिनने रीसेट केलं की फ्लॅशमधली तुमची सेटिंग जातात. फोनवर बोलणारा माणूस दोन्हीला “रीसेट” म्हणतो. बटण की पिन, हे त्याला स्पष्ट विचारा.

पत्र्याच्या चौकोनी झाकणाखाली रेडिओच्या चिप असतात, आणि तिथून निघालेल्या बारीक काळ्या वायरी अँटेनात जातात. वीज आत येते तिथे उभे गोल डबे असतात, ते कपॅसिटर. त्यांचं डोकं सपाट हवं. माझ्या राउटरमधल्या एकाचं पुरीसारखं फुगलेलं होतं, बहुधा त्यानेच तो मेला. लॅनच्या खोबणीतल्या पिवळ्या पिनांवर हिरवा गंज चढला होता, आणि कोपऱ्यात, प्रोसेसरच्या उबेला, पालीची दोन पांढरी अंडी होती, शेंगदाण्याएवढी. हवा खेळायला ठेवलेल्या फटींतूनच ती पाल आत गेली असणार.

२. एका डब्यात पाच जण राबतात

फायबरचा डबा म्हणजे एकच यंत्र, असं मी समजत होते. त्यात निदान पाच वेगळी कामं चालतात. काचेतून आलेल्या प्रकाशाचे विजेचे इशारे करणारा एक, त्याला ओएनटी म्हणतात. घरातलं जाळं आणि बाहेरचं जाळं यांच्यातली वाट ठरवणारा दुसरा, खरा राउटर तोच. मागच्या लॅनच्या खोबण्या एकमेकींना जोडणारा स्विच तिसरा. वाय-फायचा रेडिओ चौथा. आणि घरातल्या फोनना पत्ते वाटणारा, बाहेरची नावं विचारून देणारा पाचवा. काही घरांत ओएनटी वेगळा आणि राउटर वेगळा, असे दोन डबे असतात. कामं तीच.

नेट गेलं की यातला नेमका कोण थांबलाय ते शोधायचं. पुढच्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

३. काचेची तार आणि लाल दिवा

फायबरच्या आतली काच केसापेक्षा थोडी जाड असते, आणि तिच्या गाभ्याची, जिथून प्रकाश धावतो त्याची, जाडी फक्त ९ मायक्रॉन. बहुतेक घरांत जीपॉन पद्धतीचं कनेक्शन असतं. एक्स्चेंजमधून एकच तार निघते, वाटेत खांबावरच्या डबीत स्प्लिटर तिच्यातला प्रकाश वाटतो, आणि तीच तार ३२ किंवा ६४ घरांना जाते. येणाऱ्या बाजूला सगळ्यांना मिळून सुमारे अडीच गिगाबिटची वाट असते, जाणाऱ्या बाजूला सव्वा गिगाबिटची. येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटरचा, जाणारा १३१० नॅनोमीटरचा, म्हणून एकाच काचेतून दोन्हीकडची वाहतूक चालते. शेजाऱ्यांची माहितीही तुमच्या दारापर्यंत येते, पण ती कुलूपबंद असते. तुमचा ओएनटी फक्त आपली उचलतो.

दिव्यांचे अर्थ असे:

- एलओएस लाल: प्रकाशच पोचत नाहीये. तार तुटली, दुमडली, किंवा पलीकडे वीज नाही. तुमच्या सेटिंगचा याच्याशी काही संबंध नाही. डब्याला हात लावू नका.
- पॉन लुकलुकतोय: प्रकाश येतोय, ओळख पटवणं चाललंय. पाच मिनिटं थांबा.
- पॉन स्थिर हिरवा, पण इंटरनेटचा दिवा बंद किंवा लाल: तार ठीक आहे, लॉगिन होत नाही. बिल भरलंय का बघा, मग यूजरनेम.

राउटरच्या लॉगिनच्या पानावर प्रकाशाची ताकद दिसते, तिचा आकडा उणे डीबीएममध्ये असतो. साधारण उणे ८ ते उणे २७ च्या मध्ये ती चालते. दर ३ ने प्रकाश निम्मा होतो. नवीन कनेक्शनच्या दिवशी आकडा वहीत लिहून ठेवा. आमचा उणे २१ होता, एका पावसाळ्यात उणे २६ झाला आणि नेट सारखं तुटायला लागलं. खांबावरच्या जोडात पाणी शिरलं होतं. आकडा सांगितल्यावर दुरुस्तीला आलेला माणूस थेट खांबाकडे गेला.

घरात तार वळवताना बांगडीपेक्षा लहान वळण देऊ नका, तिथून प्रकाश गळतो. आणि निघालेल्या टोकात डोळा लावून कधीही बघू नका. तो प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण असतो.

४. घरातले पत्ते

तुमचा फोन वाय-फायला जोडला की तो आधी सगळ्यांना उद्देशून ओरडतो, “मला पत्ता कोण देईल?” राउटर एक पत्ता पुढे करतो, फोन तो मागून घेतो, राउटर होकार देतो. या चार वाक्यांच्या संवादाला डीएचसीपी म्हणतात. पत्ता कायमचा मिळत नाही, ठरावीक मुदतीने मिळतो, आणि मुदत संपायच्या आत फोन ती वाढवून घेतो.

घरातले पत्ते १९२.१६८ ने सुरू होतात, क्वचित १० ने किंवा १७२.१६ ते १७२.३१ ने. हे आकडे घराच्या आतल्या वापरासाठी राखून ठेवले आहेत. प्रत्येक गावात एक वरची वाडी असते, म्हणून कुणी गोंधळत नाही, कारण नाव गावापुरतं असतं. तसंच तुमच्या घरी १९२.१६८.१.५ आहे आणि माझ्या घरीही आहे.

लॅपटॉपवर पत्ता १६९.२५४ ने सुरू होताना दिसला तर समजा, पत्ता देणारा भेटलाच नाही. अशा वेळी बिघाड तुमचं उपकरण आणि राउटर यांच्यामध्येच आहे, बाहेर शोधू नका.

राउटरच्या पानावर जायला ब्राउझरमध्ये लेबलवरचा पत्ता, बहुधा १९२.१६८.१.१, इंग्रजी आकड्यांत टाका. तिथला मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. वाय-फायची सुरक्षा डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ ठेवा आणि डब्ल्यूपीएस (पासवर्डाशिवाय, बटण दाबून जोडायची सोय) बंद करा. घरगुती राहण्याजेवणाची सोय चालवत असाल तर पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क वेगळं सुरू करा. आपल्या हिशेबाचा लॅपटॉप आणि अनोळखी पाहुण्याचा फोन एका जाळ्यात नकोत.

५. एका पत्त्यावर सगळ्या वाडीची पत्रं

हा भाग सगळ्यात सुंदर आहे, म्हणून थोडा वेळ घेते.

जुन्या पद्धतीचे पत्ते, आयपीव्ही४, ३२ बिटांचे आहेत. ते मिळून होतात सुमारे ४२९ कोटी. जगातल्या माणसांपेक्षाही कमी, मग एकेका माणसाच्या तीन-तीन उपकरणांना कुठून पुरणार? म्हणून अख्ख्या घराला बाहेरच्या बाजूला एकच पत्ता मिळतो, आणि आतला हिशेब राउटर सांभाळतो. त्याला नॅट म्हणतात.

आमच्या लहानपणी पोस्टमन दरडी चढून प्रत्येक घरी यायचा नाही. वाडीतली सगळी पत्रं आणि मनिऑर्डरीचे निरोप तो खालच्या किराणा दुकानात ठेवायचा, आणि कुणाचं काय ते दुकानदाराला ठाऊक असायचं. राउटर तो दुकानदार आहे. समजा तुमच्या फोनने, १९२.१६८.१.७ ने, एक पान मागवलं. फोन त्या मागणीवर एक पोर्ट नंबरही घालतो, समजा ५१०००. राउटर आतला पत्ता खोडतो, त्या जागी घराचा बाहेरचा पत्ता आणि स्वतःचा एक पोर्ट नंबर, समजा ६२०११, लिहितो, आणि रॅममधल्या तक्त्यात टिपून ठेवतो: ६२०११ वर उत्तर आलं तर ते ७ नंबरच्या फोनच्या ५१००० वर द्यायचं. उत्तर येतं, तक्ता बघून तो ते पोचवतो. काही वेळ हालचाल नसली की नोंद पुसतो. असे पोर्ट ६५,५३६ असतात, पण स्वस्त डब्याची रॅम त्याच्या कितीतरी आधी भरते. बंद करून चालू केल्यावर राउटर ताजातवाना का होतो, त्याचं एक कारण हेच.

यातून एक संरक्षणही मिळतं. बाहेरून कुणी न मागवलेलं काही पाठवलं तर तक्त्यात नोंद नसते, राउटर ते टाकून देतो.

बंद घरात कॅमेरा लावणाऱ्यांनी इथे नीट लक्ष द्या. राउटरच्या पानावर वॅनचा, म्हणजे बाहेरच्या बाजूचा, पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ मधला असेल, तर कंपनीनेही पुढे आणखी एक मोठा दुकानदार बसवलाय, ज्याला सीजीनॅट म्हणतात. अशा कनेक्शनवर बाहेरून थेट घरात शिरता येत नाही, पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेलं ठरावीक उपकरणाकडे धाडायची तक्त्यातली कायमची नोंद) कितीही केलं तरी. कॅमेरा स्वतः बाहेर जाऊन जोडणी करणारा, म्हणजे क्लाउडवर चालणारा घ्या. पोर्ट उघडून देण्याच्या नावाखाली कुणी पैसे मागत असेल तर आधी हा आकडा तपासा.

६. नावाचा नंबर

आपण नाव टाकतो, पण पॅकेट जातं नंबरवर. नावाचा नंबर सांगणारी सेवा म्हणजे डीएनएस. ती बंद पडली की सगळं नेट गेल्यासारखं वाटतं, पण गेलेली असते फक्त नावं-नंबरांची वही. तपासायला लॅपटॉपच्या काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्टमध्ये) पिंग ८.८.८.८ असं इंग्रजीत द्या; पिंग म्हणजे त्या नंबरला हाक मारून उत्तर येतं का बघणं. उत्तर येतंय, पण एकही पान उघडत नाही, तर दोष डीएनएसचा. राउटरच्या सेटिंगमध्ये ८.८.८.८ किंवा १.१.१.१ घाला.

७. वाय-फाय आणि चिऱ्याच्या भिंती

शहरातले सल्ले आपल्या घरांना लागू पडत नाहीत. आपल्या भिंती जांभ्याच्या, फूटभर जाडीच्या. जांभा सच्छिद्र असतो आणि पावसात पाणी पितो, आणि पाणी रेडिओच्या लाटा शोषतं. मे महिन्यात मागच्या पडवीत तीन काड्या दिसतात, जुलैत तिथेच एक. राउटर बदलायच्या आधी भिंतीला हात लावून बघा.

राउटरचे दोन रेडिओ असतात. २.४ गिगाहर्ट्झची लाट साडेबारा सेंटिमीटरची, ती भिंतीतून बरी जाते, पण संथ आणि गर्दीची. तिच्यात १, ६ आणि ११ हेच चॅनेल एकमेकांवर चढत नाहीत, त्यातला एक निवडा. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात चालतो. ५ गिगाहर्ट्झची लाट त्याच्या निम्म्याहून लहान, वेगवान, पण चिऱ्याच्या एका भिंतीतच दमते. म्हणून ज्या खोलीत राउटर, तिथे ५, बाकी घरात २.४.

डबा ओटीच्या कोपऱ्यात ठोकून जातात, कारण तार तिथून आत येते. हट्टाने माजघरात, डोक्याच्या उंचीवर लावून घ्या. लोखंडी कपाटाच्या मागे नको, पत्र्याच्या छपराखालच्या पोटमाळ्यावर नको. अँटेना उभ्या ठेवा, त्यांची लाट आडवी पसरते.

चतुर्थीला घर भरलं की नेट रडतं, त्याचं कारण वेगळं. एका चॅनेलवर एका वेळी एकालाच बोलता येतं. प्रत्येक फोन आधी ऐकतो, कुणी बोलत नसेल तर बोलतो. खळ्यात बसलेल्या लांबच्या फोनशी राउटरला हळू बोलावं लागतं, आणि त्याचं वाक्य संपेपर्यंत बाकी वीस जण थांबतात. मोठा प्लॅन घेऊन हे सुटत नाही. पडवीत दुसरा वाय-फाय लावून सुटतं.

८. दुसरा राउटर जोडताना

इथे बहुतेक जण अडकतात. जुना राउटर वाय-फायपुरता वापरायचा असेल तर हा क्रम पाळा. आधी त्याचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ करा. मग त्याचं डीएचसीपी बंद करा. मगच पहिल्या राउटरची केबल त्याच्या लॅनच्या खोबणीत घाला, वॅनच्या नाही. डीएचसीपी बंद करायला विसरलात तर घरात पत्ते वाटणारे दोघे होतात, अर्ध्या फोनना नेट मिळतं, अर्ध्यांना नाही, आणि कारण दिवसभर सापडत नाही. केबल कॅट-६ घ्या, लांबी १०० मीटरच्या आत ठेवा. तिच्यातल्या चार जोड्यांपैकी एक जोडी जरी तुटली तरी गिगाबिटचा वेग १०० मेगाबिटवर उतरतो, नाहीतर जोडणीच होत नाही.

९. वीज, विजा आणि खारा वारा

वळवाच्या आणि परतीच्या पावसात गडगडायला लागलं की राउटरचा अडॅप्टर बोर्डातून काढाच. काच वीज वाहत नाही, हे खरं. पण घरापर्यंत येणाऱ्या तारेत ताकदीसाठी बहुधा पोलादी तार असते, आणि विजेच्या लाईनमधून येणारा झटका तर थेट अडॅप्टरमध्येच शिरतो. दुसऱ्या राउटरची लॅन केबलही सोडवा.

वीज गेली तरी नेट हवं असेल तर राउटरचा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस मिळतो, तो घ्या. आधी अडॅप्टरवर बघा: व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त, आणि आतलं-बाहेरचं धन-ऋण तेच. सेट-टॉप बॉक्सचा अडॅप्टर खोबणीत बसतो म्हणून लावू नका. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर रायगड-रत्नागिरीत कित्येक गावं अनेक दिवस अंधारात होती. एवढ्या खंडाला हा यूपीएस पुरणार नाही, रोजच्या तास-दोन तासांना पुरतो.

समुद्राकडच्या खिडकीत डबा ठेवू नका. रिकाम्या लॅनच्या खोबण्यांना रबरी बूच लावा. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, वीज काढून फटी कोरड्या ब्रशने झाडा.

१०. नेट गेलं तर या क्रमाने

एलओएस बघा. लाल असेल तर शेजारी विचारा, त्यांचंही गेलं असेल तर थांबा. लाल नसेल तर बटणाने बंद करून पाच मिनिटांनी चालू करा. मग लॅन केबलने लॅपटॉप जोडा: केबलवर नेट आहे आणि वाय-फायवर नाही, तर दोष रेडिओचा. केबलवरही नाही, तर पत्ता बघा, १६९ आहे का. पत्ता ठीक असेल तर राउटरला पिंग करा, मग ८.८.८.८ ला, मग एखाद्या नावाला. जिथे उत्तर थांबेल तिथे बिघाड.

तक्रार करताना “नेट नाही” एवढंच सांगू नका. “एलओएस लाल आहे, शेजारच्या दोन घरांतही लाल आहे,” किंवा “पॉन स्थिर आहे, ताकद उणे २६ आहे, आधी उणे २१ होती,” असं सांगा आणि तक्रार क्रमांक वहीत लिहा. पलीकडून पिन घालायला सांगितलं, तर आधी पीपीपीओईचं यूजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅन आयडी त्यांच्याकडून वदवून घ्या, वहीतल्याशी ताडून बघा, आणि मगच पिन हातात घ्या.